बुंध्याशी कापायचं

टोपली आडवी धरू नकोस, काउर.
आणि ती प्लास्टिकची पिशवी खिशात घाल,
तिच्यात जीव गुदमरतो त्यांचा, कापल्यावरही.
चाकू घे. बुंध्याशी काप.
उपटलंस तर हात मोडेन.

हे दिसतंय ते झाड नव्हे, नुसतं फळ.
झाड खाली पसरलंय,
कोळ्याच्या धाग्याहून बारीक,
ह्या पाइनपासून त्या भूर्जापर्यंत,
आणि आत्ता, तुझ्या बुटाखाली,
ते जेवतंय.

कसं जेवतं माहितेय?
आपण आधी गिळतो, मग पचवतो.
त्याचं उलटं.
तोंड नाही, पोट नाही;
भिजल्या लाकडावर पाचकरस सांडायचा
आणि विरघळेल ते अंगाने शोषून घ्यायचं.
जेवणातच बिऱ्हाड थाटलेलं, म्हण.

हिरवेपणाचा कण नाही अंगात.
आमचे मास्तर ह्यांना वनस्पतींच्या बाकावर बसवायचे.
चूक.
ह्यांच्या पेशींची भिंत भुंग्याच्या पाठीच्या मालाची,
खेकड्याच्या कवचाची.
चुलत घराणं आपलं. बटाट्यापेक्षा जवळचं.

घराणं म्हटलं की शाखा आल्या.
सगळ्यात जुनी अजून पाण्यातून बाहेर पडलेली नाही,
बीजाणूला एक शेपूट, पोहत सुटतो.
तिकडे उष्ण देशांत बेडकांच्या कातडीत शिरून
डबक्यांची डबकी मुकी केली म्हणे तिने.
ऐकलंय. पाहिलं नाही, आणि पाहायचंही नाही.

एक माझ्या पावाच्या डब्यात राहतो:
पांढरी लोकर, तिच्यात खोचलेल्या काळ्या टाचण्या.
एक इतका लाजाळू की त्याला छत्रीच येत नाही,
मुळाच्या पेशीत बसतो, स्फुरद देतो, साखर घेतो.
राय त्याच्या जिवावर उभी,
नाव नांगराचं.

मग थैलीवाले. एकेका थैलीत बहुतेकदा आठ बीजाणू,
शेंगेतल्या दाण्यांसारखे.
माझ्या आंबवणातलं यीस्ट त्यांच्यातलं,
आणि ती निळसर बुरशी,
जिच्या इंजेक्शनांनी माझा एवाल्द वाचला.
नऊ वर्षांचा होता, छातीत पू.
सुतार माप घेऊन गेला होता.
ती पेटी पुढे पिठाला वापरली त्याच्या आईने.

आणि दांडूवाले, हे तुझ्या टोपलीतले.
छत्रीखालच्या प्रत्येक दांडूवर चार बीजाणू.
रात्री टोपी कागदावर पालथी ठेव,
सकाळी पांढरी रांगोळी दिसेल.
ह्यांच्यातलीच एक आमच्या घरात शिरली,
घरबुरशी, काठाला पांढरी, मध्ये गंजाच्या रंगाची.
तळघरातून स्वतःचं पाणी स्वतः वाहून आणायची
आणि कोरडं लाकूड ओलं करून खायची.
एवाल्दनं हाताने तासलेल्या फळ्या
बोट लावताच चौकोनी तुकडे होऊन पडल्या.
तो त्या भुशात बसून हसला.
म्हणाला, हिल्या, एका भावाने उसना दिलेला जीव,
दुसऱ्याने घर नेलं.
मी म्हटलं, व्याज जास्त लावलंय.
महिनाभर बोलले नाही कुणाशी.

आता डावीकडे.
हो, दफनभूमी. इथेही पाइनच आहेत.
हा त्याचा दगड. नाव वाचता येत नाही ना?
दगडफूल चढलंय. बुरशी आणि शैवाल,
दोघांचा संसार, भांडण ऐकू येत नाही.
खरवडू नकोस. मला नाव पाठ आहे.

आणि पायथ्याशी ह्या दुधाळ्या.
काप दिली की पांढरा थेंब येतो, बघ.
दरवर्षी तीन-चार. कबरीवरचं खाऊ नये म्हणतात.
पहिल्या वर्षी मीही नाही खाल्लं,
उभी राहिले, वास घेतला, परत गेले.
दुसऱ्या वर्षी तीन पाण्यांत उकळून
मिठात मुरवल्या, वर शेपू.

कडवट लागतात जरा.
तू खाल्ल्यास की गेल्या रविवारी.
दोनदा वाढून घेतल्यास.

काय बघतोस?
चाकू दे इकडे.